न मोडलेला पापड

आमच्या घरी पापड खाण्यासाठी तळत नसत. वाचून कोणाला हसू येत असेल तर येऊ दे, मला इतक्या वर्षांत एकदाही आलेलं नाही. सून ताटात पापड वाढते तेव्हा मी तो आधी मुठीत धरून त्याचा चुरा करते आणि मगच वरणभाताकडे वळते. नातवंडं विचारतात, आजी, पापडानं तुझं काय घोडं मारलं गं? काय मारलं ते एकदा सांगूनच टाकते.

संस्थानाचे दिवस होते. आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर नावाच्या भागात, दाना ओली म्हणतात त्या गल्लीत राहायचो. आमचे पूर्वज फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले. खापरपणजोबांनी कुठल्याशा लढाईत तलवार गाजवली होती म्हणे. ती तलवार घरात होती. खंडेनवमीला तिची पूजा व्हायची, पण म्यानासकट, कारण गंजून ती आतच रुतून बसली होती. हळदकुंकू म्यानाला, फूल म्यानाला, नमस्कारही म्यानालाच. वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते राजवाड्याच्या पागेत कारकून होते. घोड्यावर बसलेलं मी त्यांना जन्मात पाहिलं नाही, पण मिशा ठेवलेल्या स्वाराच्या आणि आवाज असा की आत्ता कूच करायचंय. कूच कुठे, तर कचेरीत.

घरात खरा हत्यारवाला एकच, माझा थोरला भाऊ. त्याला मी दादा म्हणायची. 'शिंदे की छावनी' या वस्तीतल्या आखाड्यात तो सकाळ-संध्याकाळ जायचा. जोर-बैठका, मल्लखांब सगळं करायचा, पण त्याचं नाव झालं ते लाठीनं. सगळ्या लष्करात त्याच्या तोडीचा लाठीवाला नाही, असं लोक म्हणायचे. अंगानं दणकट आणि स्वभावानं इतका गरीब, की कुत्र्याला 'हाड' म्हणताना सुद्धा चाचरायचा. माझ्यावर त्याचा फार जीव होता. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी त्याच्याविषयी बरंच वाईट लिहिणार आहे.

आखाड्याचं वर्णन करायचं म्हटलं की आधी नाकाला पदर लावावासा वाटतो. तेल आणि ताक घालून मळलेली ती लाल माती, तिच्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा घाम, आणि कडुनिंबाच्या फांदीवर ओळीनं वाळत घातलेले लंगोट. आत बायकांना मज्जाव होता. पण पापडांचा डबा दारापर्यंत पोचवायचं काम माझं, म्हणून दारातून जे दिसायचं ते मी पाहिलं आहे. एकमेकांचे दंड चाचपून बघणारे बाप्ये मी तिथे पाहिले. आरशात बघावं तसं स्वतःच्या मांडीकडे बघणारे पाहिले. थंडाई पिऊन ढेकर देत 'जय बजरंग' म्हणणारे पाहिले. शी! देव बिचारा कोनाड्यात शेंदूर लावून गप्प उभा असायचा.

आणि वस्ताद. किला गेटहून टांग्यानं यायचे. पांढरी दाढी, डोळ्यांत सुरमा, तोंडात कायम पान. बोलताना पानाची पिंक सावरत मान वर करून बोलायचे, त्यामुळे प्रत्येक वाक्य आकाशातून आल्यासारखं वाटायचं. आमची मराठी मुळात इथली, अर्ध्या वाक्यात हिंदीत उतरणारी. वस्तादांची तर वाक्यागणिक इकडून तिकडे उड्या मारायची.

आता पापडाचं सांगते. आखाडा चालायचा एका सरदारांच्या आश्रयानं. त्यांचे चिरंजीव, ज्यांना सगळे धाकटे सरकार म्हणायचे, तेही लाठी शिकायला यायचे. शिकायला म्हणजे काय, मखमलीची टोपी घालून यायचे, दोन हात फिरवायचे आणि दमायचे. मी आखाड्याच्या दाराशी जायला लागले त्याच्या बरंच आधी कोणा एका पोराचा वार त्यांच्या डोक्याला लागला. टेंगूळ आलं, एवढंच. पण त्या पोराला आखाड्यातून काढलं आणि त्याच्या बापाची बदली कुठल्याशा जंगलातल्या नाक्यावर झाली. तेव्हापासून वस्तादांनी नवी रीत घातली. सरदारघराण्यातला माणूस समोर असला की वार पूर्ण जोरात आणायचा, पण डोक्याच्या चार बोटं अलीकडे थांबवायचा. मग समोरच्यानं म्हणायचं, 'पावला!' म्हणजे तुमचा वार मला पोचला, मान्य आहे. ते ऐकलं की लाठी खाली घ्यायची. तोवर ती तशीच हवेत धरून उभं राहायचं. याला म्हणायचे हात राखणं.

बरं, भीतीपोटी एक युक्ती काढली, इथवर ठीक होतं. पोट सगळ्यांनाच आहे. पण पुढे या भीतीचंच शास्त्र झालं. 'मारना तो बैल को भी आता है,' वस्ताद म्हणायचे, 'वार थांबवणं ही विद्या आहे.' धाकट्या सरकारांपुरतं होतं ते हळूहळू सगळ्यांनाच लागू झालं. कोणीच कोणाला लावायचं नाही. जो सर्वांत जोरात आणून सर्वांत जवळ थांबवेल तो मोठा खेळाडू. त्याची परीक्षा म्हणून पालथ्या मडक्यावर तळलेला पापड ठेवायचा आणि त्यावर डोक्यावरून लाठी आणायची. पापड वाऱ्यानं थरथरला तर 'वाहवा', मोडला तर त्या दिवशी मातीला पाणी घालायचं काम.

आमच्या अंगणातही मडकं आलं. आई उडदाचे पापड लाटायची, वाळवायची, तळायची आणि दादा रोज संध्याकाळी त्यांच्यावर लाठी आणायचा. सुरुवातीला मला मजा वाटायची, कारण मोडलेले पापड माझे. मी पायरीवर बसून वाट बघायची. पुढे पुढे मोडणं कमी झालं, मग बंद झालं. दादाची लाठी अशी यायची की कानात वारं भरावं, आणि पापडाच्या वर येऊन गप्प उभी राहायची. पापड पुन्हा डब्यात. तेच ते शिळे, खवट पापड दुसऱ्या दिवशी मडक्यावर, तिसऱ्या दिवशी आखाड्यात. आई एकदा म्हणाली, 'अरे, एखादा तरी मोड, पोरीच्या तोंडाला पाणी सुटलंय.' दादा हसला. म्हणाला, 'आता मोडायचा म्हटला तरी नाही मोडणार, आई.' किती अभिमानानं म्हणाला होता!

दसऱ्याला दरबारी मंडळींसमोर खेळ व्हायचे. आम्ही बायका एका गच्चीवरून बघायचो. दादाच्या समोर धाकटे सरकार. दादाचा वार आला, चार बोटांवर थांबला, सरकार 'पावला' म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या दिल्या. मग सरकारांची पाळी. त्यांना कुठलं आलंय थांबवणं! त्यांची लाठी दादाच्या खांद्यावर धाडकन बसली. त्यालाही टाळ्या, आणि त्या जास्त. घरी येऊन आईनं आंबेहळद उगाळून लेप दिला. दादा लेप लावलेला खांदा लोकांना दाखवत हिंडला, जणू कोणी पदक दिलंय. मला त्या लेपाचा वास सुद्धा नकोसा झाला.

हे सगळं मी नाक मुरडून सोडूनही दिलं असतं. पण माझी शाळा त्या लाठीला बांधलेली होती.

मी मुलींच्या शाळेत जायची. आमच्या घराण्यातली मिडल स्कूलच्या परीक्षेपर्यंत पोचलेली पहिलीच मुलगी. शाळेतल्या बाई म्हणायच्या, मिडल झालीस की मास्तरीण होशील, मी चिठ्ठी देईन. मास्तरीण! मला त्या शब्दानं झोप यायची नाही. ओलीच्या तोंडाशी एका धान्याच्या दुकानाची पायरी होती. तिथे एक दांडगा रिकामटेकडा बसायला लागला. तंबाखू चघळायचा, भिंतीवर थुंकायचा, आणि मुली शाळेला निघाल्या की हातातली काठी गल्लीत आडवी धरायचा. ओलांडायला पाय उचलला की काठी वर करायचा. मुलगी तोंडावर पडायची, पुस्तकं गटारात, आणि हा मेला पोट धरून हसायचा. दुकानदार बघायचे. एखादा म्हणायचा, 'जाने दे भाई, बच्ची है,' आणि पुन्हा तराजूत डोकं घालायचा. कोणी उठला नाही. एकेका मुलीनं शाळा सोडली. माझं पाटी-दप्तर दोनदा गटारातून निघालं, तेव्हा ते घरी लपवता आलं नाही.

अण्णा गरजले, म्हणजे घरात गरजले. ओलीच्या तोंडाशी जाऊन गरजायची त्यांना काही आठवण झाली नाही. मग म्हणाले, 'दादा रोज पोचवायला जाईल. लाठी घेऊन. तो बरोबर आहे तोवर शाळा. पण रस्त्यात काही तमाशा झाला, चार लोकांत आपलं नाव निघालं, की शाळा त्याच दिवशी बंद. मग स्थळं बघायची.' मी कबूल केलं. एवढा पट्टीचा लाठीवाला भाऊ असताना मला कशाची भीती? दादा तर छाती काढून म्हणाला, 'तू बिनघोर चाल गं. एकदा समोर येऊ दे त्याला.'

थोडे दिवस तो समोर आला नाही. दादाला बघून काठी मागे घ्यायचा, आम्ही पुढे गेलो की पाठीमागे काहीतरी बडबडायचा. मला वाटलं, सुटलो. आणि एका सकाळी, ऐन रहदारीच्या वेळी, त्यानं काठी मागे घेतलीच नाही. बसल्या बसल्या काठी आडवी केली.

'क्या पहलवान,' तो म्हणाला, 'आज पापड नहीं लाए?'

सगळ्या दाना ओलीला आमचे पापड ठाऊक होते. दुकानांतून हसू फुटलं. दादा लाल झाला. म्हणाला, 'काठी बाजूला घे.' त्यानं घेतली नाही. उठून उभा राहिला आणि काठीचं टोक माझ्या दप्तराला लावून मला मागे ढकललं. मी भिंतीवर आदळले.

दादानं लाठी उचलली. आधी काय केलं असेल? सलामी! लाठी जमिनीला टेकवली, कपाळाला लावली, एक पाय मागे घेतला. त्या गटाराच्या कडेला, त्या थुंकलेल्या भिंतीसमोर! आणि मग वार आणला. तो वार मी कधीही विसरणार नाही. आयुष्यात तेवढा सुंदर वार मी पाहिला नाही. लाठी सूं करून डोक्यावरून आली. त्या मवाल्यानं डोळे मिटले, खांदे कानांपर्यंत नेले, तोंडातली तंबाखू हनुवटीवर ओघळली. तो संपला होता, हे त्यालाही कळलं होतं.

आणि लाठी त्याच्या डोक्याच्या चार बोटं वर थांबली.

त्यानं एक डोळा उघडला. मग दुसरा. वर बघितलं. लाठी तिथेच. दादा तिच्या मागे अगदी रेखीव उभा, पाय बरोबर, कंबर बरोबर, श्वास रोखलेला. तो कशाची वाट बघत होता हे त्या गल्लीत फक्त मला कळलं. तो 'पावला' ऐकायला उभा होता! देवा रे देवा! कपाळ माझं! त्या गटारातल्या किड्यानं 'पावला' म्हणावं म्हणून माझा भाऊ लाठी हवेत धरून उभा होता.

मवाल्यानं ना कुठे तालीम घेतलेली ना कुठे सलामी दिलेली. त्यानं आपली काठी सरळ दादाच्या जबड्यावर हाणली. दादा गुडघ्यावर आला तेव्हा सुद्धा त्याची लाठी वरच होती. मग दुसरी कानावर बसली, आणि तो आडवा झाला. तिसरीसाठी काठी वर गेली.

माझ्या दप्तरात पितळी डबा होता, आईनं पोळी-भाजी भरून दिलेला. मी काही शिकले नव्हते. मला फक्त धुणं धोपटता यायचं. लहानपणापासून अंगणातल्या दगडावर सबंध घराचं धुणं मी धोपाटण्यानं बडवत आले होते, आणि धोपाटणं चार बोटं वर थांबवून कोणाचं धोतर निघालंय? मी दप्तराचा बंद दोन्ही हातांनी धरला आणि घातला. डबा त्याच्या नाकावर बसला. ओल्या सतरंजीवर धोपाटणं बसावं तसा आवाज झाला. तो मटकन गटारात बसला आणि नाक धरून 'हाय अम्मा' करायला लागला. मी आणखी एक घातला. मग त्याची काठी उचलून दूर फेकली.

तेव्हा कुठे दुकानदार खाली उतरले. इतके दिवस ज्यांचे पाय पायरीला चिकटले होते ते आता धावत आले. दादाला उचलायला? छे! एक म्हणाला, 'राम राम, लड़की होके हाथ उठाया.' दुसरा म्हणाला, 'किसकी है ये?' मी दादाला खांद्याचा आधार देऊन घरी आणलं. मुलगी रस्त्यातून रक्ताळलेल्या भावाला घेऊन चाललीय आणि दोन्ही बाजूंनी नुसत्या माना वळताहेत.

दुपारी दादा खाटेवर पडला होता. जबडा सुजून भोपळ्याएवढा, पडलेला दात मुठीत. मी मिठाच्या पाण्यानं त्याचं तोंड धूत होते. घरात दुसरं कोणी जागं नव्हतं. तो कसंबसं बोलला, 'मला मारायचं होतं गं. खरंच मारायचं होतं. हात पुढे आलाच नाही.' आणि रडला. मीही रडले. मी म्हटलं, 'दादा, एवढंच अण्णांना सांग. की तुला मारायचं होतं आणि हात आला नाही, आणि मी मारलं नसतं तर तू उठला नसतास. तू सांगितलंस तर ते मला शाळेत पाठवतील. माझं ऐकणार नाहीत.' त्यानं मान हलवली. 'सांगतो,' म्हणाला.

कारण आम्ही आलो तेव्हाच अण्णांनी दारात निकाल दिला होता, शाळा बंद. तमाशा झाला होता, नाव निघालं होतं. त्यांना त्या दिवशी दोघांचीही लाज वाटत होती, मुलगा मार खाऊन आला म्हणून आणि मुलगी मारून आली म्हणून. जेवले नाहीत. मिशाही खाली उतरल्या होत्या. मला वाटलं, बरंय, आता खरं बोललं तर ऐकतील.

दुसऱ्या दिवशी वस्ताद आले. पाच-सहा पठ्ठे मागे. दादाच्या खाटेशी बसले, जबडा बघितला, पानाची पिंक सावरली, मान वर केली.

'साहेब,' अण्णांना म्हणाले, 'असा शागीर्द माझ्या हातून पुन्हा नाही व्हायचा. प्राणावर बेतलं, पण याचा हात राखलेलाच! समोर एक हलकट माणूस. पूर्ण वार केला असता तर तो जागच्या जागी मेला असता, आणि आपली विद्या बाटली असती. यानं त्याला जीवदान दिलं. इसे कहते हैं तालीम!'

पठ्ठे म्हणाले, 'वाह!' एकजण म्हणाला, 'चार बोटं, अगदी मोजून चार बोटं, लोकांनी पाहिलंय.' मी दाराआड उभी होते. मी अण्णांकडे बघितलं. मिशीचं एक टोक वर आलं, मग दुसरं. 'म्हणजे त्यानं मुद्दामच...' ते म्हणाले. 'अलबत!' वस्ताद म्हणाले.

पण खरी किळस मला आली ती पुढे. मी दादाकडे बघितलं. पहिल्यांदा त्यानं खाली बघितलं. त्याला ठाऊक होतं ना! मग पठ्ठ्यांपैकी कोणीतरी त्याचे पाय धरले. दादाची मान हळूच थोडी वर आली. वस्तादांनी त्याच्या मनगटाचं चुंबन घेतलं. मान आणखी वर. सुजलेल्या तोंडानं तो काहीतरी पुटपुटला, बहुतेक 'आपलीच कृपा'. माझ्या डोळ्यांदेखत तो ते खरं मानायला लागला. मवाल्यानं त्याचा दात पाडला होता, वस्तादांनी त्याच्याही पुढचं काम केलं. मी मागच्या अंगणात जाऊन खरोखर ओकले. आईला वाटलं, काल पोटात काही गेलं असेल.

आठ-पंधरा दिवसांत आखाड्यात सत्कार झाला. धाकट्या सरकारांनी दादाला शेला आणि नारळ दिला. आणि मी? माझ्याविषयी ओलीत एवढंच उरलं होतं, की अमक्यांची मुलगी रस्त्यात मारामारी करते. बाईंनी शाळेतून निरोप पाठवला, परीक्षा जवळ आली, मुलीला पाठवा. अण्णांनी उत्तरच दिलं नाही. डबा तेवढा आईनं ठोकून सरळ करून घेतला. त्याच्या कडेला पोचा राहिला तो राहिलाच.

मी दादाच्या बोलण्याची वाट बघत राहिले. जबडा बरा झाला, तो लाठी घ्यायला लागला, तरी शब्द नाही. शेवटी एका संध्याकाळी, शेला खुंटीवर लटकत होता, मी त्याला अंगणात गाठलं.

'अण्णांना कधी सांगणार?'

'काय?'

'काय म्हणून काय विचारतोस? हात आला नाही ते.'

त्यानं माझ्याकडे नीट बघितलंही नाही. 'मला वाटतं गं,' तो म्हणाला, 'मीच थांबवला असणार. त्या वेळी घाबरलो होतो, दुखत होतं, म्हणून तसं बोललो असेन.'

माझं डोकं फिरलं. मी आत गेले, डब्यातला पापड आणला, मडकं पालथं घातलं आणि त्यावर ठेवला.

'हा मोड,' मी म्हटलं. 'तूच थांबवतोस ना? मग आज थांबवू नकोस. एक पापड मोड. मोडलास की मी पुन्हा म्हणून शाळेचं नाव काढणार नाही, तुझा शेला खरा. नाही मोडला, तर आत्ता चल आणि अण्णांना सगळं सांग.'

'वेडी आहेस का तू?'

'मोड!'

तो हसला आणि त्यानं लाठी उचलली. मी बघत होते, त्यानं दात आवळले, जिथे होते तिथे. लाठी आली, सूं करून. पापड थरथरला. दादाच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतलं गेलं. त्यानं पुन्हा आणली. पापड तसाच. मग तो कण्हत, पाय रोवून, सगळं अंग झोकून वार आणायला लागला, कपाळावरून घाम, मानेच्या शिरा टरारलेल्या, आणि प्रत्येक वेळी ती मेली लाठी चार बोटं वर येऊन उभी. 'दादा, बस,' मी म्हटलं. मला बघवेना. त्याला ऐकू गेलं नाही.

'वा! वा!'

दारात अण्णा उभे होते. कधीपासून बघत होते कोण जाणे. 'एवढ्या दुखण्यातून उठलास,' ते म्हणाले, 'तरी हात बघ, जसाच्या तसा!'

दादानं लाठी खाली टेकवली. धापा टाकत होता. माझ्याकडे बघितलं. त्याला आता पुन्हा सगळं ठाऊक झालं होतं, हे मला दिसत होतं. तोंड उघडलं सुद्धा त्यानं. मी मनात म्हटलं, सांग, सांग, एकदा सांग. अण्णा खांद्यावर हात ठेवायला पुढे आले आणि दादानं तोंड मिटून त्यांना वाकून नमस्कार केला.

अण्णा त्याला घेऊन आत गेले. आई इतका वेळ चुलीपाशी होती, ती पदराला हात पुसत बाहेर आली. तिनं मडक्यावरचा पापड उचलला, कटकन दोन तुकडे केले आणि मोठा तुकडा माझ्या हातात दिला.

'खा,' म्हणाली. 'आणि उद्यापासून सकाळी माझ्याबरोबर लाटायला बस. वस्तादांकडे नवी पोरं आली आहेत. आणखी पापड सांगितलेत.'